अरे रावपुरा, हात लाव!

स्मरणिकेसाठी कॉलेजच्या आठवणी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी आठवणी लिहायला बसलो आणि सरांवरच थांबलो. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सर कोण, हे आपल्याकडे एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, शिकलेल्या कुणाला सांगायला नको. पांढरा बुशशर्ट, खिशात व्हर्नियर आणि हजेरीपटावरच्या नावांशी उभं वैर. पोरगा बडोद्याच्या ज्या भागातून यायचा तेच त्याचं नाव. मांडवी, वाडी, फत्तेपुरा, निझामपुरा. मी रावपुरा. प्रतापनगरहून दोघं यायचे, म्हणून एक मोठं प्रतापनगर आणि एक धाकटं. वर्ग गुजरातीत चालायचा, पण आम्हा मराठी पोरांना झापायचं असलं की सर मराठीवर यायचे. माझे आजोबा कलाभवनात, बडोद्याच्या जुन्या तंत्रशाळेत, शिकलेले, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. मग काय! "सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते नातवांनी जर्नल उतरवून काढावीत म्हणून नाही," हे मला ठरलेलं ऐकावं लागे.

जर्नल उतरवणं तेव्हा सगळेच करत. माइल्ड स्टीलचा (साध्या मऊ पोलादाचा) तुकडा यूटीएमवर, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर, ताणून तोडायचा, हे प्रॅक्टिकल तर मागच्या बॅचच्या आकड्यांवरही पास होत असे. त्या दिवशी मशीन चालू करायच्या आधी सर म्हणाले, "वाडी, जा, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना घेऊन ये." आम्हाला वाटलं, सरांना पान खायचंय.

तुकडा २० मिलिमीटर व्यासाचा, सेंटर पंचाने १०० मिलिमीटरवर दोन खुणा केलेल्या. सरांनी बोटानेच त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळेपर्यंत फळ्याकडे वळले. क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. यील्ड स्ट्रेस, म्हणजे जिथून लोखंड कायमचं लांबायला लागतं तो ताण, चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरला तर भार साडेअठ्ठ्याहत्तर किलोन्यूटन, म्हणजे साधारण आठ टन. इथवर सगळ्यांचं पाठ. मग सरांचा नेहमीचा प्रश्न आला, "तोवर लांबी किती वाढेल?" तुटेल का, हे ते कधीच आधी विचारत नसत. पीएल बाय एई, म्हणजे भार गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ गुणिले ई; ई म्हणजे पोलादाचा ताठरपणा, दोन लाख; उत्तर आलं ०.१२५ मिलिमीटर. "म्हणजे केवढं? दाखवा." कुणालाच दाखवता येईना. सरांनी फत्तेपुऱ्याच्या जर्नलचं एक पान व्हर्नियरच्या चिमटीत धरलं. ०.१ भरलं. आठ टनांनी ओढून लोखंड वाढणार ते एका पानाच्या जाडीपेक्षा जेमतेम जास्त!

मशीन सुरू झालं. काटा चढत चढत आठ टनांच्या आसपास थबकला आणि किंचित मागे आला. आम्ही सगळे डायलला चिकटलेले. सर ओरडले, "काट्याकडे काय बघताय, चुन्याकडे बघा!" चुन्यावर तिरक्या रेघा उमटत होत्या, जवळजवळ ४५ अंशांत, आणि त्यांच्या कडेने बारीक पापुद्रे सुटून खाली पडत होते. ओढतोय सरळ, मग रेघा तिरक्या का? कारण शियर, म्हणजे थर एकमेकांवरून घसरवणारा ताण, त्या तिरक्या पातळीवर सर्वांत जास्त असतो, सरळ ताणाच्या बरोबर निम्मा, आणि माइल्ड स्टील तिथेच घसरायला लागतं. मोहरचं वर्तुळ, म्हणजे कुठल्या तिरक्या पातळीवर किती ताण ते दाखवणारी आकृती, आम्ही कंपासने कितीदा काढलं असेल. ते वर्तुळ कशाचं, हे त्या चुन्याने दाखवलं. मार्क मिळवायला ते कळावं लागत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढे काटा तेरा टनांपर्यंत गेला, मग उतरू लागला. तुकडा मधेच बारीक झाला, मान आली आणि मोठ्या आवाजाने दोन तुकडे झाले. एका तोंडाला वाटी, दुसऱ्याला सुळका. "अरे रावपुरा, हात लाव." मी मानेपाशी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चांगलीच गरम होती. "मशीनने केलेलं काम कुठे गेलं ते कळलं ना? आता आलेखाखालचं क्षेत्रफळ काढ." दोन्ही तुकडे जोडून मोजले तर १०० चे १२६ झाले होते. यील्डपर्यंत ०.१२५ आणि तुटेपर्यंत २६, म्हणजे दोनशेपट. ओतीव लोखंड असं काही सांगत बसत नाही, कटकन जातं. म्हणून कुठे कुठलं वापरायचं याची अक्कल ठेवा, असं म्हणून सर चुन्याचा हात पुसत निघून गेले.

आज मकरपुऱ्यात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. हीट एक्स्चेंजर (नळ्यांमधून उष्णतेची देवाणघेवाण करणारं यंत्र), प्रेशर व्हेसल (दाब सोसणारी टाकी). कोयलीच्या रिफायनरीला माल जातो, दहेजच्या कारखान्यांना जातो. आतल्या नळ्या स्टेनलेसच्या आणि शेल, म्हणजे बाहेरचं कवच, कार्बन स्टीलचं, असं काम आलं की मी ड्रॉइंग हातात घेण्याआधी विचारतो, तापल्यावर कोण किती लांब होईल? तीन मीटर लांबी, १०० अंशांचा फरक. स्टेनलेस ४.८ मिलिमीटर वाढू पाहतं, कार्बन स्टील ३.६. दोन्ही टोकांना ट्यूबशीट, म्हणजे नळ्या धरून ठेवणाऱ्या जाड चकत्या, घट्ट बसवलेल्या, तर हा १.२ मिलिमीटरचा झगडा कोणी सोसायचा? ज्याचा ताठरपणा कमी, त्याला जास्त वाकतं घ्यावं लागतं. मोठ्या कंपन्यांचे इन्स्पेक्टर मला 'डिझाइनवाले' समजतात. मी मनात म्हणतो, डिझाइन कसलं, हे एसओएमचं दुसरं प्रकरण आहे.

मुलाखतीला पोरं येतात ती हुशार असतात. पडद्यावर व्हेसलचं रंगीत चित्र फिरवून दाखवतात, ताण जास्त तो लाल कुठे, कमी तो निळा कुठे, सगळं बिनचूक. लांबी किती वाढली विचारलं की माउसकडे हात जातो. दोष त्यांचा नाही, त्यांच्यापुढे कोणी चुना लावलाच नाही. मागे कॉलेजात आलो होतो तेव्हा आपलं यूटीएम प्लास्टिकच्या आवरणाखाली होतं आणि त्यावर परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्यांचे गठ्ठे. प्रयोग व्हिडिओवर दाखवतात म्हणे. व्हिडिओत मान गरम लागते का?

तेव्हा संपादकांनी हे छापावं आणि प्राचार्यांनी वाचावं. मशीनचं ऑइल बदलून कॅलिब्रेशन करून घ्यायचा खर्च माझ्याकडे. २० मिलिमीटरचे तुकडे माझा टर्नर दर सत्राला बॅचला पुरतील एवढे घासून देईल, सोबत ओतीव लोखंडाचेही चार. फक्त पुरवण्या ठेवायला दुसरी जागा तेवढी बघा.