ब्लड कल्चर परत का? माझा अनुभव

बाबांना जुनी शुगर. पायाची जखम चिघळली आणि रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू सापडला. अ‍ॅडमिशन, सलाईन, अँटिबायोटिक सगळं भराभर झालं. घोडं अडलं ते दुसऱ्या ब्लड कल्चरपाशी (रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का ते बघायची टेस्ट).

कॅशलेसच्या काउंटरवर क्वेरी आली: तीच टेस्ट परत का? डॉक्टरांची चिठ्ठी नेली, तर शिक्का नाही. शिक्का घेऊन आलो, तर तारीख नाही. वर खिडकीतला मुलगा फाईल चाळत मलाच समजावतो, "सीआरपी उतरलाय की काका! जंतूही कळलाय. आता कशाला?" (सीआरपी म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी.)

अरे बाबा, पहिल्या कल्चरने जंतू कोणता ते कळलं. पेशंटचं पुढे काय, ते नंतरची कल्चरं सांगतात. सीआरपी उतरला, ताप गेला, तरी या जंतूच्या बाबतीत रक्त स्वच्छ झालंच असं नाही. योग्य औषध सुरू होऊन 48 ते 72 तास उलटल्यावरही तो रक्तात सापडला, तर हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात ठाण मांडून बसल्याची शंका घ्यायची, धोका वाढला असं धरायचं. मग 14 दिवसांचा कोर्स 4 ते 6 आठवड्यांवर जातो. (इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तर आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता.) आणि कोर्सचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. टेस्टच केली नाही तर मोजायचे कुठून? हे सगळं मी त्या खिडकीत, मागे रांग खोळंबलेली असताना, चढ्या आवाजात सांगितलं. आवाज चढवल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. शेवटी पैसे भरून टेस्ट करून घेतली.

रक्त दोन वेगवेगळ्या जागांवरून घेतात, दर बाटलीत साधारण 8 ते 10 मिली. एवढं रक्त पाहून घाबरू नका.

मग लॅबची खिडकी: "फायनल रिपोर्ट पाच दिवसांनी." प्रिलिमिनरी रिपोर्ट मागा, तो आधी मिळतो. आमच्या डॉक्टरांनी सरळ मायक्रोबायोलॉजिस्टना फोन लावला. 48 तासांत वाढ नाही! मी तिथेच बाकावर बसकण मारली.

हो, रिपोर्टवर रक्त घेतल्याची तारीख आणि वेळ आहे ना, ते बघा. आमच्या कागदावर फक्त छपाईची होती, आणि दिवस मोजायचे ते रक्त घेतल्या दिवसापासून.

टेस्टचे पैसे नंतर क्लेममध्ये मिळाले. ग्लोव्हजचे कापलेच.