विजयदुर्गच्या खाडीत नांगर

विजयदुर्गला गाडीने गेलात तर आधी किल्ला दिसतो आणि बंदराकडे लक्षच जात नाही. शिडाने गेलात की उलटं होतं. आधी बंदर कळतं आणि मग किल्ला नेमका तिथेच का बांधला तेही उमगतं.

रत्नागिरीहून दक्षिणेला उतरत होतो. बोट मित्राची, लहानशी, पण तळाला कणा असल्यामुळे सव्वा मीटर पाणी लागणारी. डिसेंबरातला कोकणचा वारा शहाण्यासारखा वागतो. पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, मध्ये तासभर सगळं पडतं आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. त्या दुपारच्या वाऱ्यावर आम्ही वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी आलो. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला जाणूनबुजून लांब राहिलो. तिथे पाण्याखाली शंभर मीटरहून लांब दगडी भिंत आहे. किल्ल्यावर चालून येणाऱ्या जहाजांचे तळ फुटावेत म्हणून ती घातली, असं सांगतात. कारण काहीही असो, दगड आहे हे खरं.

मग उत्तरेच्या बुरुजांना वळसा घालून आत वळलो आणि लाट मेली. दिवसभर पायांखाली चाललेली उचल-आपट थांबली. वारा होता, शीड भरलेलं होतं, पण पाणी सपाट. किल्ला खाडीच्या दक्षिण ओठावर समुद्रात घुसलेला आहे आणि बंदर त्याच्या पूर्वेला. नैऋत्येच्या लाटा तो अंगावर घेतो. पावसाळ्यातसुद्धा आसरा मिळावा अशी जागा या किनाऱ्यावर फार थोडी आहे, आणि त्यात ही मला सगळ्यांत उजवी वाटते.

आसरा मिळाला तरी नांगर कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. खाडीत मधली वाट खोल आणि दोन्ही काठांना गाळ चढत गेलेला. शिवाय मासेमारीच्या बोटी, त्यांचे दोर, जाळ्यांची तरंगणारी बोयरी. आमच्याबरोबर याच भागातले एक वयस्क खलाशी होते. मित्राने जेट्टीच्या जवळची शांत जागा दाखवली तेव्हा त्यांनी पाण्याच्या रंगाकडे बघून मान हलवली. "हय नको. सुकतीक बोट लागतली." म्हणजे ओहोटीला बोट तळाला टेकेल.

त्यांचा हिशोब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी अष्टमी, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि मध्यरात्री पूर्ण ओहोटी. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात याच जागी वेगळा विचार करावा लागला असता. यंत्रावर खोली साडेतीन मीटर दिसत होती. अजून हातभर पाणी चढणार, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची मीटरभर. धरा पाच मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे पंचवीस मीटर साखळी-दोर सोडायचा.

उथळ पाण्यात नवख्याला हे फार वाटतं. पण नांगर आपल्या वजनाने बोट धरत नाही. तो आडवा ओढला गेला तरच त्याचं नख गाळात रुततं. दोर कमी सोडला तर ओढ वरच्या दिशेने येते आणि नांगर उपटतो. आम्ही शीड उतरवलं, नाळ वाऱ्यात धरली, बोट थांबू दिली आणि नांगर फेकायच्या ऐवजी हळूहळू खाली सोडला. बोट मागे सरकू लागली तसा दोर देत गेलो. खलाशीकाका नाळेवर उकिडवे बसून तळहात दोरावर ठेवून होते. नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, मला हात लावायला लावून त्यांनी ते दाखवलं. आधी बारीक खरखर जाणवली, मग एक झटका आणि दोर ताठ. त्यानंतर किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचा बुरुजाचा कोपरा एका रेषेत धरून बराच वेळ बघत राहिलो. रेषा मोडली नाही.

शेजारच्या बोटीपासूनही आम्ही बरंच अंतर सोडलं होतं. भरती फिरली की प्रत्येक बोट आपल्या नांगराभोवती फिरते. "बोटीक फिराक जागा व्हयी," एवढंच काका म्हणाले.

ते ऐकताना मला १७५६ आठवलं. आंग्र्यांची गलबतं आणि गुराबा ही लढाऊ जहाजं कमी पाण्यात चालणारी. जड युरोपी जहाजं खाडीच्या तोंडाशी अडायची आणि यांना आत खुशाल जाता यायचं. उथळ पाणी हेच त्यांचं बळ. पण १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराचा एक तोफगोळा बंदरातल्या जहाजावर पडला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्याच खाडीत जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इंग्रजांच्या विजयाची ही गोष्ट सांगताना मराठे आणि इंग्रज या मोहिमेत एका बाजूला होते हे आपण पटकन विसरतो. पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवायला हात लावला, याचं दुःख मला तिथे बसून फार झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चढत्या पाण्यावर छोटी होडी वल्हवत गिर्ये गावच्या जुन्या, जहाजदुरुस्तीच्या गोदीकडे गेलो. खडकात खोदलेली, शंभर मीटरच्या वर लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, आतलं पाणी काढून टाकायचं आणि तळाची डागडुजी करायची. आता आत गाळ भरलाय. विजयदुर्गला येणाऱ्या शंभर माणसांतली दहासुद्धा इकडे फिरकत नसतील. किल्ल्याइतकीच ही जागा जपायला हवी, आणि निदान वाट दाखवणारी नीट पाटी तरी हवीच हवी.

निघायच्या दिवशी सातच्या सुमाराला भरती फिरली तशी नांगर काढायला घेतला. नखांना घट्ट काळा चिखल चिकटलेला, बादल्यांवर बादल्या ओतल्या तरी सुटेना. इतका चिखल निघाला याचा अर्थ पकड उत्तम होती, म्हणून काका खूश. मतलई अजून होती. ओहोटीने आम्हाला बाहेर ढकललं, किल्ल्यापासून पुरेसं लांब गेल्यावर दक्षिणेला वळलो आणि देवगडच्या दिशेने शीड सोडलं.