री-इन्व्हेंटला जाताना: आधी इमारत, मग विषय

२०२३ साली मी लास वेगासला, एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड कंपनीच्या री-इन्व्हेंट परिषदेला पहिल्यांदा गेले आणि पहिल्याच दिवशी चारपैकी दोन सत्रं हुकली. चारही सत्रांत माझी जागा राखीव होती. पण ती वेगवेगळ्या हॉटेलांमध्ये होती: पहिलं मँडले बेमध्ये, दुसरं व्हेनिशनमध्ये, तिसरं एमजीएम ग्रँडमध्ये आणि चौथं परत व्हेनिशनमध्ये होतं. जागा राखून ठेवताना मी विषय पाहिले, वेळा पाहिल्या, पण इमारती पाहिल्या नाहीत. २०२४ मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा आधी दिवसाची इमारत ठरवली आणि मग त्या इमारतीतले विषय निवडले. ज्यांचं यंदा किंवा पुढच्या वर्षी जायचं घाटतंय त्यांच्यासाठी या दोन खेपांमधलं सगळं सविस्तर लिहिते आहे.

ही परिषद २०१२ पासून लास वेगासमध्ये भरते. २०२० मध्ये साथीमुळे ती ऑनलाइन झाली, तेवढाच अपवाद. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणानंतरचा सोमवार ते शुक्रवार हा तिचा ठरलेला काळ. येणाऱ्यांची संख्या साठ हजारांच्या घरात असते आणि एवढी माणसं एका छताखाली मावत नाहीत, म्हणून सत्रं अनेक हॉटेलांमध्ये विभागलेली असतात. २०२४ मध्ये व्हेनिशन, सीझर्स फोरम, विन आणि एन्कोर, एमजीएम ग्रँड आणि मँडले बे या ठिकाणी सत्रं होती. मुख्य भाषणं आणि कंपन्यांचं भलं मोठं प्रदर्शन व्हेनिशनमध्ये.

नकाशावर ही हॉटेलं एकाच रस्त्यावर ओळीने दिसतात, आणि तिथेच अंदाज चुकतो. व्हेनिशन ते मँडले बे हे अंतर जवळपास पाच किलोमीटर आहे. शिवाय इमारतीच्या आतली चाल वेगळीच. रस्त्यावरच्या दारापासून कसिनो ओलांडून, सरकते जिने चढून वरच्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं सहज जातात. रस्ता ओलांडायला बऱ्याच चौकांत पादचारी पूल आहेत, म्हणजे परत चढ-उतार. व्हेनिशन, सीझर्स फोरम आणि विन एकमेकांपासून चालण्याच्या टप्प्यात आहेत, म्हणून या तिघांना मी एक गट मानते. एमजीएम आणि मँडले बे हा दक्षिणेकडचा दुसरा गट. एका दिवशी एकच गट, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी दगदग वाचते. गट बदलायचाच असेल तर जेवणाच्या सुट्टीत बदला आणि मध्ये निदान सव्वा तास मोकळा ठेवा.

ठिकाणांदरम्यान परिषदेच्या मोफत बस धावतात, पण संध्याकाळी त्या रस्त्यावर वाहनं तुंबतात. अशा वेळी मोनोरेल बरी. ती हॉटेलांच्या मागच्या बाजूने, सहारापासून एमजीएम ग्रँडपर्यंत जाते आणि तिची सात स्थानकं आहेत. सीझर्स फोरममधून हॅराज-लिंक स्थानकाला थेट पूल जोडलेला आहे, तिथून एमजीएम काही मिनिटांवर. मँडले बेला मोनोरेल जात नाही. तिथे जायचं तर बस, किंवा एक्सकॅलिबर हॉटेलपासून सुटणारी छोटी मोफत ट्राम.

आता सत्रांविषयी. सत्रांची यादी हजारोंची असते आणि ती पाहून पहिल्यांदा छाती दडपते. सत्राचा सांकेतिक क्रमांक वाचायला शिकलात की ती पटकन आटोक्यात येते. डीएटी म्हणजे डेटाबेस, एसईसी म्हणजे सुरक्षा, एसव्हीएस म्हणजे सर्व्हरलेस (स्वतः सर्व्हर न सांभाळता चालणाऱ्या सेवा), एआरसी म्हणजे आर्किटेक्चर. पुढच्या आकड्यातला पहिला अंक पातळी सांगतो: १०० ओळखीपुरतं, २०० मध्यम, ३०० प्रगत, ४०० तज्ज्ञांसाठी. रोजचं काम ज्या सेवेवर करता तिच्या ३०० आणि ४०० पातळीच्या सत्रांना जा, २०० ला गेलात तर माहीत असलेलंच ऐकाल. क्रमांकाच्या शेवटी आर असेल तर ते सत्र आठवड्यात पुन्हा होणार आहे असं समजा आणि त्या दिवशीच्या इमारतीला जुळणारी वेळ घ्या.

दुसरी चाळणी याहून महत्त्वाची आहे. ब्रेकआउट म्हणजे व्याख्यानवजा सत्रांचं चित्रीकरण होतं आणि ती काही दिवसांत यूट्यूबवर येतात. चॉक टॉक (फळ्यापाशी होणारी चर्चा), वर्कशॉप आणि बिल्डर्स सेशन (स्वतः करून बघण्याची सत्रं) यांचं चित्रीकरण होत नाही. तेव्हा घरी बसून जे मोफत बघता येणार आहे, त्यासाठी इतक्या लांब येऊन रांगेत उभं राहू नका. २०२३ मध्ये मी बहुतेक सगळी ब्रेकआउट सत्रं घेतली होती. २०२४ मध्ये आठवड्यात फक्त दोन घेतली, बाकी सगळा वेळ फळ्यापाशी.

चॉक टॉकची खोली लहान असते. सांगणारा दहा-पंधरा मिनिटांत विषय मांडतो आणि मग श्रोत्यांच्या प्रश्नांवर फळ्यावर आकृत्या काढत पाऊण तास बोलणं चालतं. तिथे स्वतःचा प्रश्न घेऊन गेलात तरच खरा उपयोग. आमच्या टीमपुढे तेव्हा डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसचा एक प्रश्न होता. घटनांच्या नोंदींच्या तक्त्याला आम्ही तारीख हीच पार्टिशन की (नोंद साठवणीच्या कुठल्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, जाईल हे ठरवणारी) दिली होती आणि वेळ ही सॉर्ट की (नोंदींचा क्रम ठरवणारी). रहदारी वाढली की लिहिण्याच्या विनंत्या नाकारल्या जायच्या. क्षमता आधी न ठरवता वापराप्रमाणे मिळते त्या ऑन-डिमांड मोडमध्ये गेल्यावर हे थांबेल अशी आमची समजूत, पण थांबलं नाही. चॉक टॉकला जाताना मी तक्त्याची रचना एका कागदावर काढून नेली होती. सांगणाऱ्या बाईंनी ती तशीच फळ्यावर उतरवली आणि उलगडून दाखवलं की मोड कुठलाही असो, एका पार्टिशनची मर्यादा सेकंदाला १००० लेखन एकक आणि ३००० वाचन एकक एवढीच असते. आजची तारीख ही एकच की म्हटल्यावर दिवसभराचं सगळं लिखाण एकाच जागी येऊन आदळणार. तापलेलं, म्हणजे फार ताण आलेलं पार्टिशन डायनॅमोडीबी आपणहून दुभागते खरी, पण सॉर्ट की सतत वाढतच जाणारी असेल तर नवीन नोंदी कायम शेवटच्याच भागात पडतात आणि दुभागण्याचा फायदा मिळत नाही. उपाय फळ्यावरच ठरला: तारखेला ० ते ९ असा एक प्रत्यय जोडायचा, म्हणजे लिखाण दहा कींमध्ये वाटलं जाईल, आणि वाचताना दहाही कींना विचारून निकाल एकत्र करायचा. हे सगळं दस्तऐवजात लिहिलेलं आहे, मी ते वाचलंही होतं. पण आपल्याच तक्त्यावर कोणीतरी बोट ठेवून ‘इथे अडतंय’ म्हणतं तेव्हा ते कायमचं समजतं. खोलीतल्या आणखी दोघांचं दुखणं अगदी हेच निघालं आणि सत्रानंतर आम्ही तिघं अर्धा तास बाहेर उभे राहून बोलत होतो.

म्हणून निघण्यापूर्वी टीमसोबत बसून तीन प्रश्न लिहून काढा. प्रत्येकासोबत एक आकृती आणि थोडे आकडे: सेकंदाला किती विनंत्या, नोंदीचा आकार किती, महिन्याचा खर्च किती. कंपनीची गोपनीय नावं त्यातून काढून टाका. व्हेनिशनमधल्या प्रदर्शनात एडब्ल्यूएसचा स्वतःचा मोठा कक्ष असतो आणि सेवानिहाय तज्ज्ञ तिथे उभे असतात. चॉक टॉकमध्ये जागा मिळाली नाही तर तोच कागद तिथे घेऊन जा.

जागा राखून ठेवण्याची सोय साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होते. त्या दिवशी लॉगिन करून, यादी हाताशी ठेवून बसा. वर्कशॉप आणि चॉक टॉक फार झपाट्याने भरतात. राखीव जागा असली तरी सत्राच्या दहा मिनिटं आधी दारात हजर असावं लागतं, नंतर ती रांगेतल्यांना दिली जाते. माझी दोन सत्रं अशीच गेली. याची दुसरी बाजू अशी की राखीव जागा नसेल तर अर्धा-पाऊण तास आधी वॉक-अप रांगेत उभं राहून आत शिरता येतं. मी त्या आठवड्यात तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा जागा मिळाली. दूरच्या इमारतीतलं एखादं ब्रेकआउट सत्र बघायचंच असेल तर जवळच्या कंटेंट हबमध्ये हेडफोन लावून ते पडद्यावर थेट बघता येतं.

वर्कशॉप दोन तासांचं असतं. तात्पुरतं एडब्ल्यूएस खातं तेच देतात, पण लॅपटॉप मात्र आपला लागतो. चार्ज करून न्या.

मुख्य भाषणांचं थेट प्रक्षेपण होतं, त्यामुळे सगळ्यांसाठी पहाटे रांग धरण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये सोमवारी रात्री एडब्ल्यूएसचे वरिष्ठ अधिकारी पीटर डीसँटिस हार्डवेअर आणि नेटवर्कबद्दल बोलले, ते मी खोलीवर बसून पाहिलं. मंगळवारचं एडब्ल्यूएसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं भाषण, २०२४ मध्ये मॅट गार्मन यांचं, नाश्ता करताना फोनवर. गुरुवारचं ॲमेझॉनचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगेल्स यांचं मात्र सभागृहात बसून ऐकलं. वाढती गुंतागुंत कशी सांभाळायची, हा त्यांचा २०२४ चा विषय होता. त्या वर्षी नव्याने जाहीर झालेल्या ऑरोरा डीएसक्यूएल या डेटाबेसच्या मुळाशी अचूक घड्याळं कशी आहेत, हेही त्यांनी उकलून सांगितलं. त्या सकाळी मी दुसरं काहीही ठेवलं नव्हतं.

खर्चाचं आणि कागदपत्रांचं. पूर्ण पास २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी २,०९९ डॉलरचा होता. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण त्यात येतं, शाकाहारी पदार्थही असतात. हॉटेलचं भाडं बघताना रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्यावर सक्तीने घेतलं जाणारं शुल्क, धरायला विसरू नका. मी गेले तेव्हा ती रोजचे ४०-५० डॉलर आणि वर कर एवढी होती, आणि पहिल्या पडद्यावरच्या भाड्यात ती बहुधा दिसत नसे. सगळ्यात स्वस्त हॉटेल शोधण्यापेक्षा उत्तरेकडच्या गटाजवळचं हॉटेल शोधा. २०२३ मध्ये मी दूर राहून वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले. अमेरिकेच्या बी१-बी२ (व्यवसाय आणि पर्यटन) व्हिसाचं शुल्क मी भरलं तेव्हा १८५ डॉलर होतं, पण खरी अडचण मुलाखतीच्या तारखेची. ती मिळायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून कंपनीची मंजुरी वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या. विमानाचं तिकीटही लवकर काढा. परिषदेच्या आदला रविवार म्हणजे थँक्सगिव्हिंगला घरी गेलेली सगळी अमेरिका परत निघण्याचा दिवस. शक्य असेल तर शनिवारीच पोचा. घड्याळात साडेतेरा तासांचा फरक आहे आणि शरीराला तो एक दिवस द्यावाच लागतो. विमानतळ हॉटेलांपासून अगदी जवळ आहे आणि बॅज, म्हणजे परिषदेचं ओळखपत्र, घेण्याची सोय तिथेही असते. पासपोर्ट हाताशी ठेवा, फोटो आधीच अपलोड करून ठेवा, की ते काम उतरल्या उतरल्या संपतं.

लास वेगास वाळवंटात आहे. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते आणि हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी माझे ओठ फुटले आणि घसा धरला. पाण्याची बाटली, ओठांचं मलम आणि एक जॅकेट कायम बॅगेत असू द्या. कसिनोंमध्ये सिगारेट ओढायला परवानगी आहे आणि वाट बऱ्याचदा तिथूनच जाते, दम्याचा त्रास असेल तर औषध आणि मास्क जवळ ठेवा. माझ्या फोनने रोज वीस हजारांच्या आसपास पावलं मोजली. नवीन बूट घालून जाऊ नका, महिनाभर वापरलेले न्या.

गुरुवारी रात्री री-प्ले ही मोठी पार्टी असते. मी तासभर जाऊन आले, संगीताची आवड असेल तर जरूर जा. शुक्रवारी सत्रं कमी असतात आणि दुपारपर्यंत सगळं आवरतं, तेव्हा परतीचं विमान संध्याकाळचं घ्या. ती सकाळ मी फळ्यांचे फोटो आणि वह्या एकत्र लावण्यात घालवली. प्रत्येक फोटोखाली सत्राचा क्रमांक, विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर लिहिलं. परतल्यावर सोमवारी टीमसमोर तेच कागद ठेवले आणि त्याच आठवड्यात तक्त्याची की बदलायचं काम सुरू झालं.