मायनिंगची पदवी ते डिचोलीची खाण: माझा अनुभव

आमच्या बॅचचं नशीबच जरा विचित्र. मायनिंगला प्रवेश घेतला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्चपासून खाणी ठप्प. मग आमची फील्ड व्हिजिट म्हणजे काय, तर हिरव्या पाण्याने भरलेला पिट, गंजत उभे ट्रक आणि गेटवर एकटा वॉचमन.

वर्गात मात्र लाँगवॉल (जमिनीखालून कोळसा काढायची पद्धत), वायुवीजन, मिथेन जोरात. गोव्यातल्या खाणी सगळ्या उघड्या, म्हणजे वरून खोदायच्या ओपनकास्ट, आणि कोळसा तर औषधालाही नाही. तरी त्याला मी नावं ठेवणार नाही. गेटची परीक्षा द्यायची, कोल इंडियात जायचं, तर हे लागतंच. माझी तक्रार वेगळी आहे. पाणी उपसणं, मातीचे उतार, डंप (काढलेल्या मातीचे ढीग) यांची बोळवण एकेका प्रकरणात झाली, आणि इथलं निम्मं काम तेच आहे.

पदवीनंतर गोव्यात काम नव्हतं, म्हणून कर्नाटकात संडूरला ट्रेनी म्हणून लागलो. अनुभवाची अट तिथेच पुरी केली, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र काढलं आणि डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) फर्स्ट क्लास मॅनेजरच्या परीक्षेला बसलो. पदवीधराला एकच पेपर असतो: व्यवस्थापन, कायदा आणि सुरक्षा. बाकीचं कॉलेजात झालंय असं सरकार धरून चालतं. कॉलेजात १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समधली कलमं आम्ही पाठ केली होती. कुठल्या कलमाखाली आपण स्वतः अडकू शकतो, हे सही करायची वेळ आली तेव्हा कळलं. प्रमाणपत्र मिळालं ते ओपनकास्टपुरतं मर्यादित, कारण अनुभव सगळा उघड्या खाणीचा. लाँगवॉलचा हिशेब तिथेच मिटला.

२०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झालं आणि मी घरी परतलो. इथे वरचा लॅटराइटचा कडक थर सोडला तर खालचं खनिज भुसभुशीत, एक्सकॅव्हेटर सरळ उचलतो. भांडण असतं ते पाण्याशी. पिट भूजलपातळीच्या खाली गेलेला, वर आपला पाऊस. डंपची माती वाहून खालच्या शेतात गेली की सकाळी गेटवर गाव हजर. ‘बाब, हे भात आता तुम्ही लावणार?’ याचं उत्तर कुठल्या सेमिस्टरला होतं?

पहिल्याच पावसात वरच्या बेंचवर (खाणीच्या पायरीवर) बोटभर रुंदीची भेग दिसली. फोरमनकाकांनी भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकली, टेपने अंतर मोजलं, वहीत वेळ टाकून लिहिलं. दर पाळीला तेच. अंतर वाढायला लागलं तसं खालची मशीन काढली. त्या रात्री मी स्लोप स्टॅबिलिटीची, म्हणजे उतार का टिकतो-सरकतो याची, जुनी वही उघडली. सरकण्याचा वर्तुळाकार पृष्ठभाग, छिद्रांतल्या पाण्याचा दाब, सुरक्षा गुणांक, सगळं होतं. बेंच का हलतोय हे मला त्या वहीमुळे कळलं, आणि मशीन नेमकी कधी काढायची हे काकांमुळे. कॉलेजने काहीच दिलं नाही म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. गणित दिलं; ते वापरायला खाण चालू असावी लागते, ती आमच्या वाट्याला आली नाही.

आता खाणी उघडतायत. तिसऱ्या वर्षाची मुलं ट्रेनिंगला येतात ती मे महिन्यात, सुट्टी असते म्हणून. तेव्हा पिट कोरडा आणि सगळी घाई माल काढायची. जमवता आलं तर जूनमध्ये चार दिवस या. पंपावर उभं राहा, डंपखालचे गाळ अडवणारे बांध बघा, आणि खुंट्यांची वही मागून घ्या.