राऊटर लांबून रिस्टार्ट करायचा तर 'बंद' आणि 'चालू' या दोन वेगळ्या कमांड देऊच नका

वायफायवर चालणारा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला की पहिल्या दिवशी सगळे तेच करतात, मोबाईलवरून बंद, चालू, बंद, चालू, आणि मजा येते. पण हा बोर्ड लांबच्या घरात असेल आणि त्याच्यावरच राऊटर लावलेला असेल तर 'बंद' पाठवल्यावर 'चालू' कुठून पाठवणार? इंटरनेट तर आताच घालवलं की. म्हणून रिस्टार्ट ही एकच कमांड पाहिजे आणि मधले वीस सेकंद बोर्डाने स्वतः मोजले पाहिजेत. या विषयावर मला मुख्य सांगायचंय ते हेच.

मी पुण्यात, आई-बाबा कराडला. तिथे फायबरचा डबा, राऊटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) आणि घरातल्या सगळ्या फोटोंचा बॅकअप घेणारा एक जुना डेस्कटॉप आहे. हे सगळं कपाटाच्या मागे, आणि काही अडकलं की बाबांनी स्टुलावर चढून पिन काढायची, मी फोनवर "ती काळी नको, तिच्या शेजारची" सांगायचं. या वयात त्यांनी हे करू नये असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

बोर्ड ईएसपी 8266 या वायफाय चिपवाला घेतला आणि त्यात टास्मोटा टाकलं. टास्मोटा हे थिओ अ‍ॅरेंड्स यांनी 2016 मध्ये सुरू केलेलं ओपन सोर्स फर्मवेअर (बोर्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर), कुठल्या कंपनीच्या क्लाउडची गरज नाही, बोर्ड घरातल्या घरात थेट ऐकतो. (घेताना चिप बघून घ्या, हल्ली बऱ्याच बोर्डांत बेकेनची चिप येते, तिच्यावर टास्मोटा चालत नाही, ओपनबेकेन म्हणून दुसरं आहे. आणि फर्मवेअर टाकायला बोर्ड उघडलात तर सिरीयलच्या (कॉम्प्युटरवरून फर्मवेअर भरायच्या) वायरी जोडलेल्या असताना त्याची पिन भिंतीत अजिबात लावायची नाही, जीवाशी खेळ आहे तो.) राऊटरमध्ये बोर्डाला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊन ठेवायचा, मग टर्मिनलवर कर्लने (वेबपत्ता उघडणारी कमांड) त्या आयपीच्या पुढे स्लॅश सीएम आणि सीएमएनडी मध्ये 'पॉवर1 ऑफ' पाठवलं की पहिलं सॉकेट बंद, उत्तरात सॉकेटची स्थिती जेसन नावाच्या साध्या मजकुरात येते.

आता रिस्टार्ट. टास्मोटात बॅकलॉग नावाची कमांड आहे, तिच्यात एकामागे एक कामं रांगेत लावून देता येतात: 'बॅकलॉग पॉवर1 ऑफ; डिले 200; पॉवर1 ऑन'. डिलेचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे 200 म्हणजे 20 सेकंद. ही अख्खी ओळ बोर्डाकडे एकदाच पोचते, मग राऊटर बंद झाला, वायफाय गेलं, माझं कनेक्शन तुटलं तरी बोर्ड आपला 20 सेकंदांनी सॉकेट चालू करतोच. कर्लला देताना पूर्ण पत्ता कोटमध्ये टाका आणि स्पेसच्या जागी %20, नाहीतर सेमीकोलन दिसला की टर्मिनलचं शेल कमांड तिथेच तोडतं.

डेटा सेंटरमधल्या मोठ्या पट्ट्यांतही हाच विचार आहे. एपीसीच्या एपी7920 सारख्या आठ सॉकेटच्या पीडीयूला (डेटा सेंटरचा एक्स्टेन्शन बोर्डच तो) एसएनएमपीवरून (नेटवर्कवरची उपकरणं हाताळायची पद्धत) आकडा पाठवायचा असतो, 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे बंद आणि 3 म्हणजे रिबूट, आणि मधे किती सेकंद थांबायचं ते पीडीयूच्या सेटिंगमध्येच असतं. तो 3 बघितला आणि मला वाटलं, हे ज्याने ठरवलं त्याने नक्की कधीतरी लांबच्या मशीनची काळजी वाहिली असणार.

पण इंटरनेटच मेलं असेल तर पुण्याहून काहीच पोचत नाही, तेव्हा काम घरातल्या रास्पबेरी पायवर सोपवायचं. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) छोटी स्क्रिप्ट, दर पाच मिनिटांनी बाहेरचे दोन वेगवेगळे पत्ते पिंग करते, लागोपाठ तीन वेळा दोन्हींकडून उत्तर आलं नाही की आधी फायबरच्या डब्याला बॅकलॉग, तरी नाही आलं तर राऊटरला, आणि त्यानंतर किमान तासभर हात लावायचा नाही. हा तास महत्त्वाचा, कारण केबल रस्त्यातच तुटलेली असेल तर रात्रभर राऊटर उगाच चालू-बंद होत राहील.

इथे एक आपल्याकडचीच गोष्ट, राऊटरला जो छोटा यूपीएस लावतात ना, अडॅप्टर आणि राऊटरच्या मधे, तो असेल तर बोर्डावरून सॉकेट बंद करून काहीही होत नाही, राऊटर बॅटरीवर निवांत चालू राहतो. मी तो काढला आणि अख्खा बोर्डच इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला.

इन्व्हर्टरही संपतो, मग लाईट आल्यावर काय? टास्मोटात पॉवरऑनस्टेट म्हणून सेटिंग आहे, मुळात ते 3 असतं, म्हणजे लाईट जायच्या आधी जसं होतं तसं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण समजा रिस्टार्टच्या त्या 20 सेकंदांतच लाईट गेली, तर बोर्डाच्या लक्षात 'बंद' राहिलं आणि बॅकलॉगची रांग मात्र पुसली गेली, म्हणजे लाईट आल्यावर राऊटर बंदच, आणि बाबा परत स्टुलावर. म्हणून 1 ठेवा, लाईट आली की सगळं चालू. डेस्कटॉपच्या बायोसमध्येही लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं ते करा, रास्पबेरी पाय तर करंट मिळाला की उठतोच.

डेस्कटॉपचं सॉकेट मात्र असं थेट उडवायचं नाही, डिस्कवर लिहिणं चालू असेल तर फोटो जातील. आधी एसएसएचने (लांबून कमांड द्यायची सुरक्षित वाट) पॉवरऑफ, मग बोर्डाला 'स्टेटस 8' विचारायचं. वीज मोजणारी चिप असलेला बोर्ड त्यात वॅट सांगतो (माझा सगळ्या सॉकेटचे मिळून सांगतो, तरी फरक कळतो), आकडा घसरून स्थिर झाला म्हणजे मशीन खरंच झोपलंय, मगच सॉकेट बंद. लांबून आपल्याला दिसत काही नाही, तो वॅटचा आकडाच आपले डोळे, म्हणून वीज मोजणाराच बोर्ड घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

आणि कृपा करून हा बोर्ड राऊटरवर पोर्ट उघडून इंटरनेटवर सोडू नका. टीपी-लिंकच्या एचएस110 या प्लगचं प्रोटोकॉल 2016 मध्ये सॉफ्टशेक या जर्मन कंपनीच्या लोकांनी उलगडून दाखवलं, पोर्ट 9999, 171 या आकड्यापासून सुरू होणारं साधं एक्सओआर (सहज उलटवता येणारी सांकेतिक अदलाबदल), पासवर्ड नाहीच, त्याच वायफायवरचा कोणीही तो बंद करू शकत होता. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीतही पासवर्डसारखा शब्द उघडाच जातो. मी पायवर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता, व्हीपीएन) ठेवलंय, ते 2020 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. पण पुष्कळ कनेक्शनवर स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, म्हणून पायनेच बाहेरच्या एका स्वस्त सर्व्हरला जोडून राहायचं आणि मी पुण्याहून त्या सर्व्हरवरून आत यायचं.

विहिरीच्या मोटरीचं बरेच जण विचारतात. आपल्याकडे शेतकरी मोबाईल स्टार्टरवर कॉल करून मोटर लावतात ते बरंच जुनं आहे, त्यासाठी तेच वापरा. वायफाय बोर्डाचं सहा अँपिअरचं सॉकेट म्हणजे 230 व्होल्टला 1380 वॅट, आणि मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. गीझर आणि इस्त्री तर नकोच. छोटी मोटर लावायचीच असेल तर बोर्डाने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) कॉइल चालवायची, मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाऊ द्यायचा, आणि ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायची.