विकतची कोथमीर
आष्ट्याच्या बाजारातनं कोथिंबिरीची जुडी आणली, २० रुपये. आज्जीनं हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, "दीड एकर रान हाय, आन् कोथमीर इकत?"

मी गप्प. सगळ्या रानात आडसाली ऊस, १६-१८ महिने दुसरं काही नाही, आधी कडंला चवळी तरी असायची.

दादा म्हणतो ऊस बरा, वाऱ्यानं लोळला तरी कारखाना नेतोय, एफआरपी (उसाचा सरकारी किमान दर) ठरलेली असते, टोमॅटोचा दर पडला की बांधावर ओता. खोटं नाही (आम्ही ओतलाय). पण लागणीनंतरचे पहिले दोन-तीन महिने सरीत ऊन पडतंच की, तेवढ्यात मेथी-कोथिंबीर तर निघून जाते, भुईमूगपण घेतात लोकं.

वरंब्यावर (दोन सऱ्यांमधल्या उंचवट्यावर) असं आंतरपीक कोण करतंय का आपल्याकडं? भांगलणीला (तण काढायला) बायका मिळतात का?