फेसाचं पाणी जातं कुठं?

काल आईला म्हटलं, अगं दोन चमचे पावडर पुरे, तर म्हणे फेस नाही आला तर कपडे स्वच्छ निघतात होय? आता फेसाचा आणि मळ निघण्याचा तसा संबंध नाहीये हे तिला कसं पटवायचं! बादलीतलं ते निळसर पाणी मोरीतून ड्रेनेजला आणि तिथून आपल्या इंदूरच्या कबीटखेडीसारख्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला जातं, तिथं टाकीत हवा सोडतात, बॅक्टेरिया घाण खातात, डिटर्जंटमधलं एलएएस नावाचं मळ काढणारं केमिकलपण खातात, पण हवा असेल तरच, ऑक्सिजन नसलेल्या गाळात ते तसंच पडून राहतं. १९५० च्या दशकातलं डिटर्जंट तर त्यांना नीट पचायचंच नाही, परदेशात नद्यांवर फेसाचे ढीग यायचे, म्हणून १९६० च्या दशकात तिकडे ते केमिकलच बदललं. काही पावडरींतल्या फॉस्फेटचं दुखणं वेगळंच, साध्या प्लांटमधून ते बरंचसं तसंच बाहेर पडतं आणि पुढे पाण्यात शेवाळ माजतं.

आणि हे पाणी जातं ती आपली कान्ह नदी मिळते कुठं, क्षिप्रेलाच ना, जिथं आई सोमवती अमावास्येला स्नानाला जाते. हे सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. आज सकाळी बघितलं तर दीडच चमचा टाकला होता, तोही सपाट.